आधी वही, मग इंजिन

बुद्धिबळाचा डाव संपल्याबरोबर मोबाइल काढून इंजिनला निकाल विचारायची सवय निदान एका संध्याकाळपुरती तरी मागे ढकलायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. रायपुरातले पालक, प्रशिक्षक आणि स्पर्धा भरवणारे या सगळ्यांपुढे मी ते मांडते आहे. आपला डाव आधी आपल्या डोक्यानं उलगडायचा, जे सुचलं ते लिहून काढायचं आणि मगच यंत्राकडे जायचं. हौशी खेळाडूला याहून उपयोगी पडणारी गोष्ट मी तरी पाहिलेली नाही. ओपनिंगचे महागडे कोर्स तर नाहीच नाही.

मी चौबे कॉलनीत राहते. सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झाले आणि माहेरी भावांबरोबर खेळायचे तो खेळ पुन्हा हाती घेतला. रेटिंग बेताचं आहे, पण शहरात स्पर्धा असली की नाव नोंदवते. समोर बहुतेक वेळा माझ्या नातवंडांच्या वयाचं कुणीतरी बसलेलं असतं. जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, अंतिम लढतीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवलं आणि त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून तर इथे बुद्धिबळाच्या वर्गांना पोरांची रीघ लागली आहे. 1956 पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. तात्यापाऱ्यातल्या, बुढापाऱ्यातल्या कितीतरी मराठी घरांची सोयरीक आजही नागपूरकडचीच. दिव्याचं कौतुक इथल्या घराघरांत झालं, ते त्यामुळे. मुलं खेळायला लागली याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच ती शिकतात कशी, याची काळजीही वाटते.

वर्गात चौकशीला आलेले पालक पहिला प्रश्न विचारतात तो ओपनिंगचा. कुठलं शिकवता, किती खेळ्यांपर्यंत शिकवता? मुलगा पंधरा खेळ्या धडाधड करून दाखवतो आणि घरी कौतुक होतं. आता एक डाव सांगते.

शहरातलीच स्पर्धा. पांढरी मोहरी माझी, समोर आठवी-नववीतला मुलगा. मी ई4 केलं, त्यानं सी6. म्हणजे कारो-कान. मी डी4, त्यानं डी5. मी ई5 करून प्यादं पुढे रेटलं, त्यानं उंट एफ5 वर आणला. इथवर सगळं उत्तम. कारो-कानचं मर्म याच खेळीत आहे. फ्रेंच बचावात काळ्याचा हा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे अडकून पडतो. इथे तो आधी बाहेर काढायचा आणि मग ई6 करून मधली फळी पक्की करायची. मी चौथी खेळी केली एच4, कडेचं प्यादं दोन घरं पुढे. मुलानं क्षणाचाही विचार न करता ई6 केलं आणि घड्याळ दाबलं. मी जी4. उंट ई4 वर गेला, मी एफ3. उंट जी6 वर आला, मी एच5. आता त्याला जायला सुरक्षित घरच उरलं नाही. एका प्याद्याच्या मोबदल्यात उंट गेला आणि पुढचा डाव नुसता ओढायचा राहिला.

बाहेर व्हरांड्यात त्याचे वडील उभे होते. त्यांनी खेळ्या मोबाइलमध्ये भरल्या. ई6 वर लाल खूण उमटली आणि त्याऐवजी एच5 करायला हवं होतं, असं इंजिननं दाखवलं. “देखा, एच5 खेलना था,” वडील म्हणाले. मुलानं मान हलवली. विषय संपला. त्याच्या पाठांतरात आणखी एका खेळीची भर पडली, बस्स.

मी वडिलांची परवानगी घेतली आणि त्याला म्हटलं, चल, पट मांडून बसू. पहिला प्रश्न साधाच विचारला, ई6 का केलंस? तो म्हणाला, “आंटी, ऊंट बाहर आ गया तो फिर ई6 ही आता है.” या उत्तराला मी फार किंमत देते. ई6 चूक आहे हे कुठलंही इंजिन सांगेल. ते या मुलानं का केलं, हे जगातलं एकही इंजिन सांगू शकणार नाही, कारण ते कारण त्याच्या डोक्यात आहे. त्याला शिकवलेला नियम बरोबरच होता, फक्त एच4 आल्यावर तो लागू पडत नव्हता, आणि ते त्याला दिसलं नव्हतं.

मग एच4 नंतरची स्थिती पुन्हा लावली. तो बराच वेळ पटाकडे बघत राहिला. जी4 ची धमकी त्याची त्यालाच सापडली. नंतर उंटाची परतीची वाट बोटानं दाखवत म्हणाला की, ई6 केलं नसतं तर उंट डी7 वर परत येऊ शकला असता. नेमकं हेच. ई6 च्या प्याद्यानं आपल्याच उंटाची वाट बंद केली होती. मग त्यानं स्वतःहून एच6 सुचवलं, उंटाला एच7 चं घर मिळावं म्हणून. मी जी4 केलं, त्यानं उंट एच7 वर नेला आणि मी ई6 करून प्यादं देऊन टाकलं. त्यानं ते एफ प्याद्यानं मारलं. मी उंट डी3 वर आणला, उंटाला उंट गेला आणि माझा वजीर डी3 वर येऊन जी6 च्या घरावर डोळा लावून बसला. काळ्याच्या राजाभोवतीची घरं किती उघडी पडली, ते त्याला लगेच कळलं. खेळ्या मागे घेतल्या. या वेळी जी4 ला उत्तर म्हणून त्यानं उंट सरळ डी7 वर परत नेला. “यहाँ ठीक है,” म्हणाला.

तेव्हा मी त्याला 1961 ची गोष्ट सांगितली. मॉस्कोत विश्वविजेतेपदाच्या पुनर्लढतीत मिखाईल तालनं मिखाईल बोत्विनिकविरुद्ध याच स्थितीत एच4 खेळलं होतं. बोत्विनिकनं एच6 केलं आणि जी4 आल्यावर उंट डी7 वर मागे घेतला. आज बहुतेक जण एच5 पसंत करतात, ते वेगळं. पण रायपुरातल्या व्हरांड्यात एक शाळकरी मुलगा पाठांतराशिवाय तिथवर पोचला होता. त्याचा चेहरा तेव्हा फुलला होता. मोबाइलवरची लाल खूण बघताना तो पडलेला होता.

या बोत्विनिकचं उदाहरण मला आणखी एका कारणानं महत्त्वाचं वाटतं. आपले डाव स्वतः तपासा, ते विश्लेषण छापा, म्हणजे लोक त्यातल्या चुका दाखवतील, असं तो सांगत आला. 1960 मध्ये तो तालकडून हरला, तेव्हा ताल तेवीस वर्षांचा आणि हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर. पुढच्याच वर्षी त्यानं विजेतेपद 13-8 असं परत मिळवलं. ताल त्याच्यापेक्षा तरुण होता, झटपट हिशेब करणारा होता. बोत्विनिकनं त्याचे आणि स्वतःचे डाव उलगडून पाहिले होते आणि त्या तयारीवरच तो उभा राहिला. कारो-कान हे नावही अशाच मेहनतीतून आलं आहे. होरेशियो कारो आणि मार्कुस कान या दोघांनी या बचावाचं विश्लेषण 1886 मध्ये छापलं. दोघांपैकी कुणीही विश्वविजेता नव्हता.

इंजिनशी माझं वैर नाही. स्टॉकफिश 2008 पासून सगळ्यांना फुकट आहे, लिचेस हे संकेतस्थळ 2010 पासून. एके काळी रायपुरात बुद्धिबळाचं बरं पुस्तक हवं असेल तर नागपूर-मुंबईला जाणाऱ्या माणसाला सांगावं लागे. बेलग्रेडहून निघणारा इन्फॉर्मेटर हा डावांचा संग्रह कुणाकडे असला तर तो हातोहात फिरे. आज टाटीबंधच्या किंवा पंडरीच्या कुठल्याही मुलाच्या हाती जे आहे, ते आनंदला त्याच्या लहानपणी मिळालं नव्हतं. यामुळे पैशावाल्याच्या आणि गरिबाच्या मुलामधलं अंतर खरोखर कमी झालं आहे आणि ही मोठी गोष्ट आहे. प्रश्न फक्त क्रमाचा आहे. हिशेब खात्यात नव्या कारकुनाला आम्ही ताळा स्वतः जुळवायला लावत असू. कुठल्या ओळीत फरक पडला ते त्यानं शोधायचं, मगच संगणकाचा आकडा बघायचा. आकडा आधी दाखवला की तो शोधायचं थांबतो.

माझी पद्धत साधी आहे. लांब वही आहे, हिशेबाची. डाव्या पानावर खेळ्या, उजव्या पानावर त्या त्या वेळी मनात काय होतं ते, त्याच संध्याकाळी, विसरायच्या आत. कुठे भीती वाटली, कुठे घाई झाली, कुठली खेळी सुचली आणि का सोडून दिली, सगळं. दुसऱ्या दिवशी इंजिन लावायचं आणि ते जे सांगेल ते लाल शाईनं. वही भरत गेली तसं एक दिसत गेलं. आमच्या पातळीवर डाव ओपनिंगमध्ये क्वचितच हरला किंवा जिंकला जातो. सातव्या-आठव्या खेळीला कुणीतरी पुस्तकाबाहेर पडतो आणि मग उरतो तो मध्यखेळ, जिथे कुणाचं पाठांतर चालत नाही. निम्मे निकाल तर हत्ती आणि प्याद्यांच्या शेवटच्या लढतीत लागतात आणि नेमका तोच भाग वर्गात सगळ्यात कमी शिकवला जातो. ओपनिंग शिकूच नये असं मी म्हणत नाही. आपल्या डावात जे आलं, तिथून एक खेळी पुढे शिकावं. त्या मुलाचा कारो-कान असाच वाढेल आणि तो त्याचा स्वतःचा असेल.

लिहून ठेवण्याबद्दल आपण भारतीय फार उदासीन राहिलो, याची मला खंत आहे. एकोणिसाव्या शतकात कोलकात्यात महेशचंद्र बॅनर्जी नावाचे ब्राह्मण गृहस्थ जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरशी खेळत. त्यांच्या 1855 च्या एका डावात काळ्याची जी मांडणी आहे, तिला आज जग ग्रुनफेल्ड म्हणतं. ग्रुनफेल्डनं ती 1922 मध्ये खेळली. कॉक्रेननं डाव टिपून इंग्लंडला पाठवले, म्हणून निदान महेशचंद्रांचं नाव तरी उरलं. आपल्या रायपुरात 1877 मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त वडिलांकडे राहायला आला, तोच पुढे स्वामी विवेकानंद झाला. बुढापाऱ्यातल्या त्या मुक्कामात तो बुद्धिबळ शिकला आणि चांगल्या चांगल्या खेळाडूंना हरवू लागला, असं त्याचे चरित्रकार सांगतात. शहरातल्या तलावाला आणि विमानतळाला आपण त्याचं नाव दिलं. त्याचा एखादा डाव कुणी कागदावर उतरवला असता तर किती मोलाचा ठेवा झाला असता!

आज कागद आहे, पेन आहे, तरी डाव हरवतातच. गावोगावच्या बहुतेक स्पर्धा एका दिवसात उरकायच्या म्हणून रॅपिड ठेवतात आणि रॅपिडमध्ये खेळ्या लिहिण्याचं बंधन नसतं. संध्याकाळी मुलाच्या हाती प्रमाणपत्र राहतं, पण सकाळच्या डावातली दहावी खेळी कुणाला आठवत नाही. क्लासिकल स्पर्धेत स्कोअरशीट असते, पण नियमानं ती आयोजकांच्या मालकीची. खेळाडूनं कार्बन प्रत सांभाळली नाही, तर आयोजकांच्या कपाटातले गठ्ठे शेवटी रद्दीत जातात. सप्टेंबर 2022 मध्ये मुख्यमंत्री चषकाची आंतरराष्ट्रीय ग्रँडमास्टर स्पर्धा रायपुरात झाली, तेव्हा मला सगळ्यात भावलं ते डाव संपल्यानंतरचं दृश्य. दोघं प्रतिस्पर्धी पुन्हा मोहरी मांडून हलक्या आवाजात बोलत बसायचे, तू इथे हा घोडा का नाही मारलास, मला त्या हत्तीची भीती वाटत होती. हरलेला जिंकलेल्याला विचारतो आणि जिंकलेला खरं सांगतो. आपल्या मुलांना हे बघायला मिळत नाही, कारण डाव संपला की पुढच्या जोडीसाठी टेबल रिकामं करा, अशी घाई असते.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. वर्षातून निदान एक स्पर्धा प्रत्येक आयोजकानं क्लासिकल ठेवावी, फेऱ्या कमी झाल्या तरी चालतील. स्कोअरशीटचा फोटो त्याच दिवशी खेळाडूला मिळावा. सभागृहाच्या शेजारी दोन-तीन पट मांडलेली खोली असावी आणि तिथे मोबाइलला मज्जाव. बक्षिसांच्या यादीत एक बक्षीस स्वतःच्या डावावर स्वतः लिहिलेल्या उत्तम टिपणाला असावं, मराठीत, हिंदीत, छत्तीसगढीत, कुठल्याही भाषेत. शंभर रुपयांचं ठेवलं तरी मुलं लिहितील.

आणि सुरुवात आपल्यापासूनच व्हावी. महाराष्ट्र मंडळ 1935 पासून या शहरात आहे आणि त्याची वास्तू माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. महिन्यातून एका रविवारी दुपारी एक खोली मिळाली तर पट, मोहरी आणि माझी वही घेऊन मी येईन. येणाऱ्यानं आपला एक डाव कागदावर लिहून आणावा, हरलेला आणला तर जास्त बरं. आधी ज्याचा डाव आहे तो बोलेल, मग बाकीचे. लॅपटॉप शेवटच्या वीस मिनिटांत उघडू.