ट्रॉलीचा ब्रेक कोण पाहतो?



धानाची कापणी झाली, चुरणे आटोपले की आपल्या आरमोरी भागातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ सुरू होते. कोणी धान खरेदी केंद्रावर नेतो, कोणी राईस मिलवर, कोणी वडशाच्या व्यापाऱ्याकडे. गेल्या हंगामात मी एका गावी निघालो होतो. नाल्याच्या उतारावर माणसे जमलेली दिसली. ट्रॅक्टर रस्ता सोडून बांधीत उतरलेला, ट्रॉली आडवी, कट्टे फुटून धान चिखलात सांडलेले. चालवणाऱ्या पोराचा पाय मोडला होता, पण जीव वाचला. तो सारखा म्हणत होता, "साहेब, ब्रेक तर मी दाबलाच होता. पण मागून कोणी ढकलल्यावाणी झालं."

पोराचे म्हणणे खरे होते. त्याला ढकलले ते त्याच्याच ट्रॉलीने. ट्रॉलीच्या ब्रेकची सळई तुटली होती आणि ती तारेने बांधून ठेवलेली होती.

बैलगाडीचा अनुभव आपल्या सर्वांना आहे. उतार लागला की बैल आपसूक पाय रोवतात, मागचा भार अंगावर घेतात आणि गाडी रोखून धरतात. ट्रॅक्टरला ही समज नाही. त्याला रोखायचे काम ब्रेकने करायचे आणि ट्रॉलीला रोखायचे काम ट्रॉलीच्याच ब्रेकने करायचे.

थोडा हिशेब करू. ४० किलोचे १०० कट्टे म्हणजे ४० क्विंटल, म्हणजे ४ टन. रिकाम्या ट्रॉलीचे वजन टनभर तरी असतेच. आपला ट्रॅक्टर साधारण २ टनांचा. म्हणजे पुढे २ टन आणि मागे ५ टन! बऱ्याच ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. ती दोन चाके स्वतःला थांबवतील की मागच्या अडीचपट ओझ्याला? त्यात वळण आले तर ट्रॉली ट्रॅक्टरला बाजूला रेटते आणि दोन्ही आडवे होतात.

म्हणून हंगामापूर्वी एक सकाळ ट्रॉलीसाठी काढा. ट्रॉली रिकामी करून सपाट जागी उभी करा, चाकांखाली उटी लावा, आणि एकेक चाक जॅकवर उचला.

चाक हाताने फिरवून दुसऱ्याला ब्रेक लावायला सांगा. चाक थांबत नसेल तर आधी सळई, तार, पिना पाहा. पावसाळाभर उभ्या ट्रॉलीच्या सांध्यांना गंज चढतो. पायाचा जोर सांध्यातच जिरतो, चाकापर्यंत पोहोचत नाही. गंज घासून सांध्यांना तेल-ग्रीस द्या. मात्र ग्रीस ड्रमच्या आत जाऊ देऊ नका.

सांधे ठीक असूनही पकड नसेल तर ड्रम उघडा. लायनर झिजून रिव्हेटा वर आल्या असतील तर लायनर बदलावेच लागतील, आणि ते दोन्ही चाकांचे एकदम बदला. लायनरवर ग्रीस दिसले तर चाकाचे सील गेले आहे असे समजा. आधी सील बदला. ग्रीस प्यालेला लायनर नुसता पुसून चालत नाही, तोही नवा टाका. बांधीतला चिखल आत गेला असेल तर ड्रम स्वच्छ करून वाळवा.

सगळे चांगले असेल तर ब्रेक नुसता सैल आहे. चाक अडेपर्यंत कसा, मग चाक मोकळे फिरेल इतकाच सैल सोडा. दोन्ही बाजू सारख्या ठेवा, नाहीतर ट्रॉली एका अंगाला ओढेल.

ट्रॉलीला तेलाचा ब्रेक असेल आणि पायडल स्पंजासारखे दबत असेल, दोन-तीनदा दाबल्यावरच पकडत असेल, तर नळीत हवा शिरली आहे. हवा काढून घ्या आणि गळती कुठे आहे ते शोधा. कंपनीने सांगितले असेल तेच तेल घाला. ब्रेक ऑइलच्या जागी इंजिनचे तेल घातले तर आतले रबर फुगते आणि ब्रेक अडकतो.

शेवटची परीक्षा रस्त्यावर. थोडे अंतर जाऊन चार-सहा वेळा ब्रेक लावा, उतरा आणि ड्रमजवळ हात न्या. हात लावू नका, भाजेल. एक ड्रम गरम आणि दुसरा थंड असेल तर थंड बाजू काम करत नाही.

रस्त्यावर निघताना ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पायडल खिळीने जोडा. बांधीत वळताना ते वेगळे लागतात, पण रस्त्यावर एकच पायडल दाबले गेले तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. हुकाला मापाची पिन घाला, सळईचा तुकडा नको. सोबत साखळीही लावा. भार मागच्या फाळक्याकडे जास्त झाला तर हुक वर उचलला जातो, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि त्यांचा ब्रेक घसरतो.

उतार दिसला की माथ्यावरच खालचा गियर टाका. क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून डिझेल वाचवायला जाऊ नका. बेडगाव घाटासारख्या लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर लायनर तापतात आणि पकड सोडतात. वेग दुप्पट केला तर थांबायला चौपट अंतर लागते, हेही ध्यानात ठेवा.

आता काही घरी जीपगाड्या आल्या आहेत. त्यामागे पाण्याची टाकी किंवा लहान ट्रेलर जोडतात. नियम तोच. जीपचा ब्रेक चांगला आहे म्हणून बिनब्रेकचा जड ट्रेलर ओढू नये. काही ट्रेलरला धक्क्यावर चालणारा ब्रेक असतो: जीप हळू झाली की ट्रेलर पुढे सरकतो, दांडा आत जातो आणि ब्रेक लागतो. तो दांडा गंजून बसला तर ब्रेक असून नसल्यासारखा. त्याला ग्रीस देत जा.

भगिनींनो, एक गोष्ट तुमच्या हातची आहे. कापणीवरून परतताना बायका-पोरे भरल्या ट्रॉलीवर, कट्ट्यांवर बसतात. बसू नका आणि मुलांना बसू देऊ नका. आणि घरधनी धान घेऊन निघाला की जशी शिदोरी बांधून देता, तसे एवढे जरूर विचारा, "ट्रॉलीचा ब्रेक पाहिला का?"

लायनरचा खर्च चार-दोन कट्टे धानात निघून जातो. त्या पोराचा पाय बरा झाला, पण त्याची रब्बी खाटेवर गेली.