नितळ पाणी म्हणजे स्वच्छ पाणी नव्हे

उन्हाळ्याच्या सुट्टीत दवाखान्यात कान धरून रडणारी मुले हमखास येतात. दोन-चार दिवसांपूर्वी कुठल्यातरी फार्महाऊसच्या तलावात तासन्‌तास डुंबलेली असतात. कुणाचे डोळे लाल, कुणाला जुलाब. आई म्हणते, "डॉक्टर, पाणी तर अगदी आरशासारखं होतं हो!"

आमची पिढी भीमेच्या डोहात, नाहीतर विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकली. आता चाकणपासून राजगुरुनगरपर्यंत सोसायट्यांत आणि फार्महाऊसवर तलाव झाले आहेत. पोहणे उत्तम व्यायाम आहे, तलावांना माझा विरोध नाही. तक्रार आहे ती त्यांच्या फिल्टरकडे होणाऱ्या दुर्लक्षाबद्दल.

तलावाचे पाणी पंपाने वाळूच्या फिल्टरमधून फिरवतात. घाम, तेल, माती वाळूत अडकते. वाळू तुंबली की फिल्टरवरच्या प्रेशर गेजचा काटा चढतो. स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा तो आठ-दहा पौंडांनी वाढला, की पंप बंद करून व्हॉल्व्ह फिरवायचा आणि पाणी उलटे सोडून वाळू धुवायची. यालाच बॅकवॉश म्हणतात. काचेतून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन मिनिटे, ते चालू ठेवायचे. काही वर्षांनी वाळूही बदलावी लागते.

हे टाळले जाते, कारण बॅकवॉशला पाणी जाते आणि उन्हाळ्यात टँकर विकत घ्यावा लागतो. मग तुरटी फिरवून गाळ तळाशी बसवायचा आणि ब्लिचिंग पावडर ओतायची. पाणी दिसते नितळ, पण तुंबलेल्या वाळूतला मळ क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतू तसेच राहतात. नाकात जाणारा उग्र वास भरपूर क्लोरीनचा नसतो. क्लोरीन घाम-लघवीशी मिसळल्याचा तो वास.

क्लोरीनने सगळे भागते, हाही गैरसमज. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून सुमारे चार लाख लोकांना जुलाब लागले. पाण्यात क्लोरीन होते, पण गाळणी कमी पडली. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही.

शिवाय ही रसायने अडाण्याच्या हाती देण्याची नव्हेत. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कासारवाडीच्या जलतरण तलावावर क्लोरीन वायूची गळती होऊन पोहायला आलेल्यांना रुग्णालयात न्यावे लागले. ब्लिचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले तरी हाच विषारी वायू तयार होतो.

माझे स्पष्ट मत असे, की पैसे घेऊन पोहू देणाऱ्या प्रत्येक तलावावर एक फळा टांगावा. त्यावर त्या दिवसाचा क्लोरीन (१ ते ३ पीपीएम), पीएच (७.२ ते ७.८) आणि शेवटच्या बॅकवॉशची तारीख लिहावी. तलाव सांभाळणारा माणूस शिकवून तयार केलेला असावा. माळीबुवांच्या गळ्यात हे जादा काम मारू नये. टँकर परवडत नसेल, तर चार दिवस तलाव बंद ठेवावा. त्यात कमीपणा नाही.

पालकांनीही मुलांना आंघोळ घालूनच पाण्यात सोडावे. जुलाब होत असलेले मूल तर मुळीच उतरवू नये. आणि तिकीट काढण्यापूर्वी मालकाला एवढेच विचारावे, "फिल्टर कधी धुतला?" उत्तर देताना तो अडखळला, तर मुलांना घेऊन सरळ घरी या.