बाजाराला पत लागते, वाचणाऱ्याला नाही

'डार्कनेट' हा शब्द काढला की समोरचा माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एकतर आवाज खाली आणून "तू कधी गेलायस का रे तिकडे?" असं विचारतो, नाहीतर "हे असलं सगळं सरकारने बंदच केलं पाहिजे" म्हणून मोकळा होतो. दोघांच्या डोक्यातलं चित्र मात्र एकच असतं. काळोखी गल्ली, तोंड झाकलेली माणसं आणि हतबल पोलीस. मंडळी, माझं म्हणणं असं की हे चित्र चुकीचं आहे, आणि त्याच्या भीतीपोटी जे नियम होतात त्यांचा भुर्दंड तुम्हाआम्हाला बसतो. शनिवार आहे, चहा घ्या, सविस्तर सांगतो.

आधी टॉर म्हणजे काय ते बघू. मूळ कल्पना १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. तुमची विनंती थेट वेबसाइटकडे जात नाही, तीन निरोप्यांच्या हातातून जाते. प्रत्येक निरोप्या कांद्यासारखा एकेक पापुद्रा सोलतो. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, पण कुठे चाललात ते कळत नाही. तिसऱ्याला कुठे ते कळतं, कोण ते नाही. मधल्या बिचाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. बस, एवढंच!

मग नौदलाची ही चीज २००२ मध्ये सगळ्या जगासाठी खुली का झाली? कारण फक्त नौदलाची माणसं ती वापरत असती तर ती वापरणारा प्रत्येक जण नौदलाचा, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. गर्दीत लपायचं तर आधी गर्दी लागते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता बाजाराकडे वळू. २०११ च्या सुरुवातीला रॉस उल्ब्रिक्ट नावाच्या टेक्सासच्या तरुणाने टॉरच्या आड 'सिल्क रोड' उघडला. मुख्य माल अमली पदार्थ, पैसे बिटकॉइनमध्ये. गंमत अशी की हा बाजार आतून अगदी आपल्या नेहमीच्या शॉपिंग साइटसारखा होता. विक्रेत्याला स्टार द्यायचे, प्रतिक्रिया लिहायच्या, माल हातात पडेपर्यंत पैसे मध्यस्थाकडे अडकवून ठेवायचे. का? कारण अनोळखी माणसाला कोणी पैसे देत नाही. बाजार म्हटला की पत आली, आणि पत म्हणजे काय तर जपून ठेवलेली ओळख. नाव खोटं असेल, पण तेच नाव महिनोन् महिने टिकवावं लागतं. आणि जे टिकतं, त्याचा माग लागतो.

लागलाच. अमेरिकेच्या कर खात्याच्या एका तपासनीसाने काय केलं? गूगल केलं! सिल्क रोडची पहिली जाहिरात इंटरनेटवर कोणी केली ते शोधलं. ते टोपणनाव पकडलं आणि त्याच टोपणनावाने आणखी एका ठिकाणी उल्ब्रिक्टचा स्वतःच्या नावाचा जीमेल पत्ता दिलेला सापडला. १ ऑक्टोबर २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात त्याला पकडलं. पोलिसांपैकी दोघांनी मागे भांडणाचं नाटक केलं, याने मान वळवली, आणि चालू लॅपटॉप त्यांच्या हाती आला. यात टॉरचं गणित कोणीही फोडलेलं नव्हतं.

पुढची गोष्ट याहून भारी. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'अल्फाबे'च्या चालकाचा हॉटमेल पत्ता सुरुवातीच्या स्वागताच्या ईमेलच्या हेडरमध्ये तसाच राहिला होता. जुलै २०१७ मध्ये बँकॉकला त्याला अटक झाली आणि दुकान बंद पडलं. गिऱ्हाईक पळालं शेजारच्या 'हान्सा' बाजारात. पण हान्सा जून महिन्यापासूनच डच पोलीस गुपचूप चालवत होते! जवळजवळ चार आठवडे त्यांनी गल्ल्यावर बसून निरोप वाचले, पत्ते टिपले. परदेशातल्या खरेदीदारांचे सुमारे १०,००० पत्ते त्यांनी युरोपोलकडे दिले.

आणि बिटकॉइन? त्याची चोपडी तर सगळ्या जगाला खुली. सिल्क रोडच्या तपासातल्याच दोन अमेरिकन अधिकाऱ्यांनी मधल्यामधे बिटकॉइन ढापले. २०१५ मध्ये दोघांनाही शिक्षा झाली, आणि त्यांच्याविरुद्धच्या पुराव्यात ही चोपडीसुद्धा होती.

तर सांगायचा मुद्दा असा. विकणाऱ्याला माग सोडावाच लागतो. त्याला जाहिरात करावी लागते, माल पाठवावा लागतो, नोकर ठेवावे लागतात, पैसे खर्च करावे लागतात. वाचणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. एचआयव्हीच्या चाचणीबद्दल वाचणारा मुलगा, मारकुट्या नवऱ्यापासून सुटायचा कायदा शोधणारी बाई, कंपनीतला घोटाळा पत्रकाराला कळवू पाहणारा कारकून, यांना कोणाकडे पत मिळवायची नसते. त्यांना फक्त एकटं सोडलेलं हवं असतं. बीबीसीने २०१९ मध्ये टॉरवर स्वतःची आवृत्ती काढली ती अशाच वाचकांसाठी, ज्यांच्या देशात बातम्या अडवल्या जातात.

कोणी म्हणेल, "अरे, पण टॉर नसतं तर सिल्क रोड उभाच राहिला नसता." बरोबर आहे. २०१५ च्या शिक्षेच्या सुनावणीत, तिथून घेतलेल्या मालाने मेलेल्या मुलांचे आईबाप बोलायला उभे राहिले होते. ते दुःख खरं आहे. उल्ब्रिक्टला स्वातंत्र्यवीर ठरवणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही, जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी त्याची जन्मठेप माफ केली तरीही. पण बघा, त्याला पकडायला जगातल्या प्रत्येक वाचकाची वही उघडावी लागली नाही. चिकाटी लागली, जुन्या पद्धतीची पोलिसगिरी लागली.

आपल्याकडे काय झालं? २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने आदेश काढला. व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, आयपी आणि सेवा कशासाठी घेतली ते कारणसुद्धा ५ वर्षं जपून ठेवायचं. ऑफिसचा व्हीपीएन यातून वगळला. म्हणजे कंपनीची गुपितं ती गुपितं, आणि तुमची ती संशयास्पद! काही मोठ्या परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी त्याच वर्षी भारतातले सर्व्हर हलवले. मुरलेला चोर त्यांच्यामागे तिकडे जाईल. नोंदी राहणार त्या सरळ माणसाच्या, आणि अशी साठवलेली यादी कधी ना कधी फुटते हे आपल्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

याचा अर्थ टॉर म्हणजे जादूची टोपी, असं मात्र समजू नका. २००७ मध्ये डॅन एगरस्टाड या स्वीडिश तरुणाने स्वतः 'शेवटचा निरोप्या' होऊन वकिलाती आणि सरकारी खात्यांच्या ईमेलचे पासवर्ड गोळा केले आणि १०० खाती जाहीर केली. त्यात भारतीय वकिलाती होत्या, डीआरडीओ होती, आपली खडकवासल्याची एनडीएसुद्धा होती. कारण साधं होतं. टॉर तुम्ही कोण हे लपवतं, पण पत्र उघडं टाकलंत तर शेवटचा निरोप्या ते वाचणारच. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळायला टॉरवरून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. विद्यापीठाच्या वायफायवरून त्या वेळी टॉर कोण वापरत होतं एवढंच पोलिसांनी तपासलं. गर्दी नव्हती, सापडला.

म्हणूनच ही गर्दी आपली हवी. फक्त गुन्हेगारच अनामिक राहू लागले तर अनामिक राहणं हाच गुन्हा ठरेल, आणि त्या दिवशी त्या मारकुट्या नवऱ्याच्या बायकोला लपायला जागा उरणार नाही. "माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही" म्हणणाऱ्या प्रत्येकाला माझी एवढीच विनंती आहे. नसू दे हो, पण तुम्ही गर्दीत उभे राहा. तिला कोणीतरी आडोसा द्यायला हवा ना?