फुकटचं सॉफ्टवेअर वापरता ना? मग दुकानातलं ज्ञानही त्यात घाला



मागच्या व्हिडिओत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानासाठी जागा, टूल्स आणि भांडवल किती लागतं ते पाहिलं. आज अशा एका गोष्टीवर माझं मत मांडते, जी कोर्समध्ये कुणी शिकवत नाही. फोनचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आपण सर्रास वापरतो, पण त्यात परत काहीच टाकत नाही. माझ्या मते हा तोट्याचा व्यवहार आहे. आणि तोटा आपलाच आहे.

आधी हे कसं चालतं ते बघा

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स कर्नल असतो. त्याचं लायसन्स असं आहे की जी कंपनी तो बदलून फोनमध्ये घालून विकते, तिला त्या कर्नलचा सोर्स कोड द्यावा लागतो. म्हणूनच कंपनीने अपडेट बंद केले तरी बाहेरची माणसं त्या फोनसाठी नवं सॉफ्टवेअर तयार करू शकतात. लिनिएजओएस हा यातला मोठा प्रकल्प. २०१६ च्या डिसेंबरमध्ये सायनोजेनमॉड बंद पडलं आणि त्याच कामातून हा उभा राहिला.

इथे प्रत्येक हँडसेटची जबाबदारी एखादा स्वयंसेवक घेतो. त्याला मेंटेनर म्हणतात. मेंटेनर थांबला आणि दुसरा कुणी पुढे आला नाही, की त्या मॉडेलचे नवे बिल्ड थांबतात. म्हणजे फोन चांगला असूनही केवळ माणूस नाही म्हणून मागे पडतो.

आपल्याकडे काय आहे जे त्यांच्याकडे नाही?

पहिली गोष्ट, काउंटरवर येणारे फोन. खोक्यावरचं नाव आणि आतलं कोडनेम वेगळं असतं. रेडमी नोट ७ चं कोडनेम लॅव्हेंडर, नोट ७ प्रो चं व्हायोलेट. नावात एका शब्दाचा फरक, पण आतली चिपच वेगळी. एकाची फाईल दुसऱ्यात टाकली तर काय होतं ते दुरुस्तीवाल्याला सांगायला नको. कुठलं मॉडेल कुठल्या नावाने विकलं गेलं, ही माहिती आपल्या रोजच्या कामातली आहे.

दुसरी, आपली सिमकार्डं. जिओवर साधा कॉलही व्होल्टीईवरूनच जातो. नव्या बिल्डमध्ये व्होल्टीई बिघडलं तर इंटरनेट मस्त चालेल, पण कॉल लागणार नाही. आता युरोपात बसलेल्या मेंटेनरकडे जिओचं सिम कुठून येणार? हे तपासायला इथलाच माणूस लागतो.

पण कळवायचं कसं? गिऱ्हाईक येऊन नुसतं "फोन बिघडलाय" म्हणालं की आपण वैतागतो ना, तसंच मेंटेनरचं होतं. मॉडेल नंबर, कोडनेम, बिल्डची तारीख, काय केल्यावर बिघाड दिसला, परत केल्यावर परत दिसला का, आणि सोबत लॉग. एवढं दिलं तर त्याचे दोन दिवस वाचतात.

आणि भाषा?

यात कोडिंग अजिबात लागत नाही. लिनिएजओएसचं भाषांतर क्राउडिनवर चालतं, एफ-ड्रॉइडचं वेबलेटवर. इंग्रजी वाक्य समोर येतं, खाली तुम्ही मराठी लिहायचं.

"हिंदी आहे की, मराठी कशाला?" असं कुणी म्हणालं तर त्याला 'दर्या' आणि 'दऱ्या' लिहून दाखवा. एक समुद्र, एक डोंगरातल्या. हा 'ऱ्य' आणि 'बॅंक', 'ॲप' मधले उच्चार कीबोर्डवर नीट मिळतात का, फॉन्टमध्ये नीट दिसतात का, हे मराठी माणसानेच तपासायचं. वाक्यरचनाही उलटी होते. इंग्रजीत आधी ३ आणि मग ५ येतात, आपण 'पाचपैकी तीन' म्हणतो. आकड्यांच्या जागा न बदलता भाषांतर केलं तर अर्थच उलटतो.

शब्द निवडताना गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवा. 'संचयन पूर्ण झाले' वाचून काकू घाबरून दुकानात येतात. 'स्टोरेज भरलं' म्हटलं तर दोन फोटो डिलीट करून मोकळ्या होतात.

"मॅडम, यात पैसे किती?"

थेट पैसे नाहीत. पण एक खरं उदाहरण घ्या. मिखाल चिहार्श नावाचा चेक प्रोग्रामर गॅमू सांभाळायचा. संगणकावरून फोन आणि मोडेम हाताळणारं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर. अशाच प्रकल्पांच्या भाषांतरासाठी सोपं साधन हवं म्हणून त्याने २०१२ मध्ये वेबलेट सुरू केलं. आज वेबलेटचा कोड खुला आहे आणि त्याची कंपनी होस्टिंग व सपोर्ट विकते. सगळ्यांचं असं होईल असं मी म्हणत नाही. पण फुकट काम करताना जी अडचण दिसली, तिच्यातूनच धंदा सापडला, हे लक्षात घ्या.

आपल्या पातळीवर फायदा आणखी सरळ आहे. लॉग वाचायला शिकलात की बिघाड हार्डवेअरचा की सॉफ्टवेअरचा हे अंदाजाने सांगावं लागत नाही. तुमच्या नावावरचं काम कुणालाही उघड दिसतं. कुठूनतरी मिळालेल्या संशयास्पद फाईलऐवजी मूळ जागेवरची फाईल घेण्याची सवय लागते.

काही जण म्हणतात, जुने फोन चालत राहिले तर धंदा बसेल. मला उलट वाटतं. दुरुस्तीवाला जगतो तोच जुन्या फोनवर. सॉफ्टवेअर मेलेल्या फोनला नवा डिस्प्ले कोण बसवेल? फोन अजून दोन वर्षं चालेल असा विश्वास असेल तरच गिऱ्हाईक बॅटरीला पैसे काढतो.

पण या रेघा ओलांडू नका

बूटलोडर अनलॉक केला की साधारणपणे फोनमधला सगळा डेटा जातो. नंतर बॅंकेची, यूपीआयची काही ॲप्स चालायला नकार देऊ शकतात. वॉरंटीचाही प्रश्न येतो. हे गिऱ्हाइकाला आधी सांगा, लेखी संमती घ्या आणि मगच हात लावा. आयएमईआयशी खेळ तर कधीच नाही. त्याविरुद्ध २०१७ पासून केंद्राचे नियम आहेत. आणि प्रयोग गिऱ्हाइकाच्या फोनवर करायचे नाहीत. लॉगमध्ये त्याची खासगी माहिती असू शकते. भंगाराच्या डब्यातला स्वतःचा फोन त्यासाठीच असतो.

माझं म्हणणं इतकंच, आठवड्याला दोन तास द्या. या आठवड्यात दुकानातल्या एका जुन्या हँडसेटचं कोडनेम शोधा, त्याला मेंटेनर आहे का बघा, आणि दहा वाक्यं मराठीत करून टाका. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमीच असतं. तोच वेळ वापरा.