सड्यावरील चिरंजीव तृणें

पावसच्या सड्यावर चैत्र-वैशाखांत चढणाऱ्या परक्या माणसास काळा कातळ आणि करपलेली काडी यांखेरीज कांहीं दिसत नाहीं. आणि ‘ही जमीन पडीक’ असें तो सहज बोलून जातो. आमच्या मतें हा निवाडा घाईचा आहे. रत्नागिरी व राजापूर तालुक्यांतील अशाच सड्यांवरील कातळशिल्पें २०२२ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत नोंदलीं गेलीं. परंतु दगडास मान मिळाला, म्हणून गवतास मिळालाच असें नव्हे.

गवतें दोन प्रकारचीं. एक वर्षायु; पावसाबरोबर उगवतें आणि बीं टाकून मरतें. कातळावरील बोटभर मातींत बहुधा याचेंच राज्य. दुसरें बहुवर्षायु, याची पात वाळली तरी जमिनींतील ठोंब जिवंत राहतो आणि मृगाबरोबर तेथूनच नवे कोंब फुटतात. भेगांत, उतारावर, बांधावर, जेथें माती खोल तेथें हें ठाण मांडतें.

दूर्वा याच कुळांतली. अमरकोशांत तिला शतपर्विका, रुहा, अनन्ता अशीं नांवें आहेत. तीं केवळ गौरवाचीं नव्हत, निरीक्षणाचींही आहेत, कारण पेऱ्यापेऱ्यास मूळ धरीत ती पसरते. त्याच कोशांत वाळ्याच्या गवतास वीरण व त्याच्या मुळास उशीर म्हटलें आहे. उन्हाळ्यांत आपण माठांत टाकतों तें हेंच. हीं मुळें सरळ खालीं २ ते ३ मीटरही जातात. म्हणून वाळा लावलेला बांध सहसा ढासळत नाहीं.

जिल्ह्यांत वर्षाकाठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. एवढ्या पाण्यास उतारावर अडविणारें या मुळांचें जाळेंच. अडलेलें पाणी सच्छिद्र जांभ्यांत मुरतें आणि सड्याखालच्या झऱ्यांस व विहिरींस पोंचतें. फाल्गुनांत वणवा लागला तर ठोंब पुष्कळदां वांचतो. पण जमीन उघडी पडते आणि तिची माती पहिल्याच सरींत वाहून जाते. चिरेखाणींत तर ठोंबही राहत नाहीं.

आंबा-काजूस आमचा विरोध नाहीं. त्यांवर येथील संसार चालतात. मात्र कलमांमधील गवत खरवडून वा तणनाशकानें मारून न टाकतां कापावें, आणि तेंही बीं पडल्यावर. वाळा खणला तर मुळें घेऊन ठोंब पुन्हां लावावा. गणेशचतुर्थीस मुलांना दूर्वा आणावयास धाडतांना, त्या खुडाव्या, उपटूं नयेत, एवढें वडीलधाऱ्यांनीं अवश्य सांगावें. पुढील वर्षींच्या पूजेसही त्याच जागेवरच्या दूर्वा लागणार आहेत.