अंदाजाचं औषध कुणाला परवडतं?

‘अभिव्यक्ती’ हा शब्द आम्ही साहित्यवाले आमच्याच घरचा समजतो. पण जीवशास्त्रातही तो आहे. बायबल एकच, तरी दर रविवारचं वाचन वेगळं असतं ना? तसंच शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत जनुकं तीच, पण कुठल्या पेशीत कुठलं जनुक किती वाचलं जातंय हे वेगळं. हे वाचन मोजणं म्हणजे जनुक-अभिव्यक्तीची तपासणी.

आता म्हणाल, पिरनवाडीत याचं काय काम? आमच्याकडे सांधे धरले की ‘वात आहे’ म्हणून लोक मोकळे होतात. पण रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, वेगळा. त्यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उठते. माझ्या मावशीला तो आहे. सकाळी तिची मूठ वळत नाही, मिस्सात गुडघे टेकता येत नाहीत. तिचं औषध तीनदा बदललं. ‘हे घेऊन बघा, गुण नाही आला तर दुसरं बघू.’ यात डॉक्टरांचा दोष नाही. कुणाला कुठलं औषध लागू पडेल हे आधीच सांगणारी तपासणी त्यांच्या हाताशी नाही.

ती येऊ शकते. २०२१ साली ‘द लॅन्सेट’मध्ये युरोपातल्या पाच देशांतल्या १६४ रुग्णांवरचा एक अभ्यास छापून आला. आधीच्या महागड्या इंजेक्शनांनी गुण न आलेले हे रुग्ण. त्यांच्या सांध्याच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासला, मग काहींना रिटुक्सिमॅब दिलं, काहींना टोसिलिझुमॅब. सूक्ष्मदर्शकाखाली ज्यांच्या अस्तरात बी-पेशी कमी दिसल्या, त्यांच्यात दोन औषधांचा ठाम फरक निघाला नाही. पण जनुकांच्या वाचनावरून ज्यांच्या बी-पेशी कमी ठरल्या, त्यांच्यात १६ आठवड्यांनी टोसिलिझुमॅबचा गुण ६३ टक्के जणांना आला, रिटुक्सिमॅबचा ३६ टक्के जणांना.

‘असल्या तपासण्या श्रीमंतांच्या’ असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं. चुकीच्या औषधावर चार महिने घालवणं श्रीमंताला परवडतं. रोजगारावर जाणाऱ्या बाईला नाही, आणि हा आजार बायकांनाच जास्त होतो. तेवढ्यात झिजलेला सांधा नंतर योग्य औषध मिळालं तरी पूर्ववत होत नाही. म्हणून अंदाजाचं औषध गरिबालाच सगळ्यात महाग पडतं.

अर्थात १६४ रुग्ण फार नाहीत, आणि त्यांत आपलं कुणी नाही. पण गावात जाऊन संशोधन होत नाही असं थोडंच आहे? १९९६ साली पुण्याच्या डॉक्टरांनी भिगवणमध्ये चार हजारांवर प्रौढांची सांधेदुखीची पाहणी केली. आमवात दर दोनशेंमागे साधारण एकाला निघाला. त्या हिशेबाने पिरनवाडीतही मावशी एकटी नसणार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. असे अभ्यास आपल्या रुग्णांवरही व्हावेत, आणि ज्या दिवशी ही तपासणी खात्रीची ठरेल, त्या दिवशी ती सरकारी दवाखान्यात आधी यावी, खाजगीत मागाहून.