जंगलाचा नकार कोणी द्यावयाचा?

म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीखाली प्राचीन कठीण खडक आहे; तेथे तेल निघावयाचे नाही. आसामात मात्र ते जंगलांलगतच्या विहिरींतून निघते. दिग्बोईत १८८९ साली तेल लागले, तेव्हापासूनची ही शेजारवस्ती आहे.

जमिनीवरील तेल-वायू क्षेत्रांसाठी बोली केंद्र मागवते. १९४८ च्या कायद्याखाली भाडेपट्टा राज्य देते, स्वामित्वधनही त्यालाच मिळते. जमीन वनाची असेल तर १९८० च्या कायद्यानुसार प्रस्ताव राज्याने पाठवायचा आणि संमती पुन्हा केंद्राने द्यायची. नकारात ज्याचे हित आहे असा या साखळीत कोणीच नाही. होती ती ग्रामसभा. २०२२ च्या नियमांनी वनहक्कांची पूर्तता केंद्राच्या अंतिम मंजुरीनंतर राज्यावर सोपवली. २०२३ च्या दुरुस्तीने भूकंपलहरी सर्वेक्षणासह शोधकार्य ‘वनेतर वापरा’तून वगळण्याचा अधिकार केंद्राला दिला. शोधावर पैसा ओतल्यानंतर मागितलेली परवानगी कोण नाकारणार? ‘खर्च झालेला आहे’ एवढ्या शेऱ्यापुढे फायलीतील आक्षेप विरघळताना मी सेवेत पाहिले आहेत.

बागजानची विहीर दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाच्या बाहेर होती. २७ मे २०२० रोजी तिचा स्फोटक उद्रेक झाला, ९ जूनला आग लागली, दोन अग्निशामक दगावले; ती विझायला नोव्हेंबर उजाडला. पट्ट्याच्या नकाशावरील रेषा वायूने पाळली नाही. म्हणून वनांची छाननी बोली मागवण्यापूर्वी, ग्रामसभेसमोर व्हावी. विहीर लागल्यावर नव्हे.